अंगठ्याचं दुखणं

मी डॉक्टरांकडे गेले होते ती अंगठा दुखतो म्हणून.

मी कवळ्या बनवते. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमची लॅब आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यात आम्ही प्लास्टर ओततो, ते घट्ट झालं की मेणावर एकेक दात मांडतो. या कामात उजव्या अंगठ्याशिवाय काही होत नाही. मेण कोरायची सुरी त्याच्याच जोरावर चालते. आणि माझा अंगठा सकाळी उठल्यावर वळेनासा झाला होता. वळला तर कट्‌ आवाज करून वळायचा.

हडपसरला आमच्या घराजवळ हाडांचे डॉक्टर आहेत. माझी मुलगी मैत्री तेव्हा अकरावीत होती. ती क्लासवरून परस्पर दवाखान्यात आली. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि विचारलं, "मोबाईल किती वापरता?"

"असेल तासभर. व्हॉट्सॲप वगैरे."

मैत्री समोरच्या भिंतीवरचा हाडांचा तक्ता बघत होती. तक्त्याकडेच बघत म्हणाली, "आई रमी खेळते. पैसे लावून. दात घासतानासुद्धा खेळते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. "अंगठ्याला गोळी देतो," ते म्हणाले, "पण तुम्ही त्याला जे काम देताय ते बंद करायची गोळी माझ्याकडे नाही." आणि त्यांनी एका मानसोपचार डॉक्टरबाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.

रिक्षात मी मैत्रीशी बोलले नाही. चारचौघांत आईची अब्रू काढली, एवढंच डोक्यात घुमत होतं. घराच्या वळणावर ती म्हणाली, "आई, मी दोन महिने वाट बघत होते. कुणीतरी मला विचारेल म्हणून."

हसू

डॉक्टरबाईंनी आजार हा शब्द वापरला तेव्हा मला खरोखर हसू आलं. दारूचा आजार असतो, ते आमच्याकडे माहीत आहे. माझा एक मामा त्यात गेला. पण पत्ते? तेही खऱ्या कागदाचे नाहीत, काचेवरचे. मला वाटलं, साधा मधुमेह झाला असता तर निदान लोकांना सांगता तरी आला असता.

त्यांनी विचारलं, "गेल्या आठवड्यात घरच्यांशी किती वेळा खोटं बोललात?"

मी बोटांवर मोजायला लागले. सोमवारी मिलिंदला सांगितलं, लॅबमध्ये उशीर झाला. मिलिंद म्हणजे माझे यजमान, हडपसरच्याच एका कारखान्यात आहेत. मंगळवारी मैत्रीला सांगितलं, बँकेचा सर्व्हर बंद आहे. मग आमच्या सोसायटीतल्या भिशीच्या बायकांना...

"मोजू नका," त्या म्हणाल्या. "मोजावं लागतंय, एवढं मला पुरे."

सुरुवात प्लास्टरपासून झाली होती. माप ओतलं की ते घट्ट होईपर्यंत थांबावं लागतं. आधी त्या वेळात मी चहा प्यायचे, शेजारच्या टेबलावरच्या मुलींशी गप्पा मारायचे. मग फोनवर फुकटातली रमी आली. मग थोडे पैसे लावायची आली. लोकांना वाटतं, जिंकायची हाव. ती असतेच. पण मला त्याहून जास्त त्या पानांच्या आतली शांतता हवी असायची. पानं लावताना मैत्रीची फी नसायची, मिलिंदचा बंद झालेला ओव्हरटाईम नसायचा, चाळिशी उलटलेली मी नसायची. हरत असतानाही मी तिथे निवांत असायचे, हे कुणाला पटत नाही.

पैशांचं सगळं इथे लिहीत बसत नाही. ते गेले. माझ्याकडे जमा असलेले भिशीचेही गेले. मिलिंदने आपल्या पीएफमधून काढून त्या बायकांना परत केले, एकेकीच्या दारात स्वतः जाऊन. मी तेव्हा खिडकीतून त्यांची पाठ बघत होते.

सहा खाटा

डॉक्टरबाईंच्याच व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात तीन आठवडे भरती व्हावं लागलं. बायकांच्या विभागात सहा खाटा होत्या. चौघी दारूसाठी, एक झोपेच्या गोळ्यांसाठी आणि मी. दाखल होताना फोन एका पाकिटात घालून, पाकिटावर माझं नाव लिहून कपाटात ठेवला. सिस्टरने कपाटाला कुलूप लावलं तेव्हा माझा पाय तिथून निघेना. मैत्रीला पहिल्यांदा बालवाडीत सोडतानाही एवढं झालं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

शेजारच्या खाटेवर नलिनीताई होत्या. पासष्टीच्या, सदाशिव पेठेतल्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. यजमान गेल्यानंतर पिऊ लागल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आपण कशासाठी?"

"रमी."

"रम?"

"रमी. पत्ते."

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "आमच्यात निदान चव तरी होती हो."

सकाळी सहाला घंटा, चहा, प्रार्थना, व्यायाम, नाश्ता, मग गोल बसून बोलणं. जेवण. दुपार मात्र मोकळी. तीच सगळ्यात अवघड. पलंगावर पडलं की चादरीखाली माझा अंगठा आपला आपण हलायचा. पान उचलायचं, पान टाकायचं. डोळे मिटले की बदाम, किलवर, चौकट रांगेत उभे राहायचे. चौथ्या दिवशी मला घाम सुटला होता आणि कारण नसताना रडू येत होतं. स्वयंपाकघरातल्या मावशी तिथून जात होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. मेथीची एक मोठी जुडी आणून माझ्या मांडीवर टाकली. "नुसत्या नका बसू. निवडा." उरलेले सगळे दिवस दुपारची भाजी मी निवडली. पालक, अंबाडी, गवार, जे असेल ते. मला औषधांची नावं आता आठवत नाहीत, पण त्या मेथीचा ओला वास आठवतो.

रविवारी मिलिंद डबा घेऊन आले. आम्ही बाकावर बसलो. मी म्हटलं, "अहो, रागवा ना. काहीतरी बोला."

ते डब्याचं झाकण पुसत राहिले. "राग नाही येत गं. दमलोय," ते म्हणाले. "तू घरी ये. पण आल्या आल्या विश्वास ठेवा म्हणू नकोस. असता तर दिला असता. आत्ता माझ्याजवळ नाही."

घरी

घरी आले ती साधा बटणांचा फोन घेऊन. पगार मिलिंदच्या खात्यात जाऊ लागला. बसपुरते सुटे पैसे मी रोज सकाळी त्यांच्याकडून घ्यायचे. या वयात नवऱ्यासमोर हात पसरताना कसं वाटतं ते त्यातून गेलेल्यालाच कळेल. पण व्यवस्था माझ्याच सांगण्यावरून होती, त्यामुळे कुरकुरायलाही जागा नव्हती.

सव्वा महिना बरा गेला. मग एका सकाळी मैत्री आंघोळीला गेली होती आणि तिचा फोन टेबलावर होता. बस कुठवर आली ते बघू, असं मी स्वतःला सांगितलं. बस बघितलीही. नंतर काय झालं ते मला तुकड्यांतुकड्यांत आठवतं. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा मी तिच्या खात्यातून, तिच्या दहावीच्या बक्षिसाच्या पैशांतून, दुसरा डाव खेळत होते.

ती ओरडली नाही. फोन माझ्या हातातून हळूच काढून घेतला, झोपलेल्या लहान मुलाच्या हातातून काढतात तसा. संध्याकाळी म्हणाली, "आई, मी पासवर्ड बदललाय. तुला सांगणार नाही. तुला राग येऊ दे."

मी डॉक्टरबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता पुन्हा भरती, पुन्हा पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, "पडलात. किती वेळात येऊन सांगितलंत?"

"त्याच दिवशी."

"मागच्या वेळी सांगायला किती वर्षं लागली होती?"

त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ लिहून दिली.

लॅबमध्ये प्लास्टर घट्ट होण्याचा वेळ तसाच होता. तो कुठे जाणार? मालक जोगळेकर सरांना मी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं होतं. त्यांना थोडं माहीत असावंच, कारण त्या दिवसांत माझ्या हातून कामं बिघडली होती. "त्या कोथरूडच्या आजी बोलायला लागल्या की टाळ्या वाजतात म्हणे," असं ते एकदा म्हणाले होते. त्या आजींची खालची कवळी मी डाव चालू असताना घाईत उरकली होती. आता तल्लफ आली की मी उठून प्लास्टर कालवायच्या रबराच्या वाट्या धुवायला घ्यायचे. सगळ्यांच्या. आठवडाभराने सर म्हणाले, "सुजाताबाई, जरा बेताने घासा. वाट्यांचं रबर पातळ होईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या मुलींना दात मांडायला शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. का दिलं ते बोलले नाहीत.

पुढे सरकारने पैसे लावून खेळायच्या या ॲपांवर बंदी आणली. मिलिंद पेढे घेऊन आले. "सुटलीस," म्हणाले. मलाही तसंच वाटलं. पण त्याच आठवड्यात लॅबमधली एक मुलगी तिच्या फोनवर आलेला मेसेज वाचून हसत होती, नव्या नावाचा, नवी लिंक असलेला. मी लांब उभी होते, तरी माझी मान आपोआप त्या स्क्रीनकडे वळली होती. तेव्हा समजलं की दुकान बंद झालं तरी गिऱ्हाईक माझ्या आत बसलेलंच आहे.

ट्रॅफिक

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

माझे बाबा वर्ध्याला भावाकडे राहतात. एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर उभ्याने तिकिटं फाडलेला माणूस. निवृत्तीनंतरही रोज सायकलने विहारात जायचे. माझा आजार ओळखला गेला त्याच्या वर्षभर आधी ते एकदा पुण्याला यायला निघाले. गाडी सकाळी साडेनऊला पोचणार होती. मी वेळेच्या आधीच स्टेशनवर गेले. पार्किंगमध्ये स्कूटर लावली आणि वेळ आहे म्हणून, तिथेच सीटवर बसून, फोन उघडला.

गाडी आली. मला उठवेना. हा डाव संपला की जाते, असं मी तीन वेळा ठरवलं. बाबांचा फोन आला. फोन आला की पानं झाकली जायची. मी तो कापला. दुसऱ्यांदा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा अनोळखी नंबर होता. तोवर मी हरले होते, म्हणून उचलला.

"आजोबा पडलेत," एक बाई म्हणाल्या. "जिन्यावर. पिशव्या घेऊन एकटेच चढत होते."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दवाखान्यात मिलिंद धावत आले आणि विचारलं, "तू कुठे होतीस?" मी म्हटलं, "ट्रॅफिकमध्ये अडकले. फोनला रेंज नव्हती." पुण्यात हे कुणालाही पटतं. माझ्या भावाला पटलं, नर्सला पटलं, बाबांनाही पटलं.

बाबांची सायकल सुटली. वॉकर आला. आणि पडल्याची गोष्ट ते येईल त्या प्रत्येकाला सांगू लागले. बारशाला, लग्नाला, फोनवर. प्रत्येक वेळी त्यात पुण्याच्या ट्रॅफिकला शिव्या असत आणि माझी बाजू घेतलेली असे. मी शेजारी बसून ऐकत असे.

पैसे हरल्याचा पश्चात्ताप झिजत जातो, निदान माझा झिजला. हा झिजला नाही. उलट बरी होऊ लागले तसा तो अधिक टोचू लागला, कारण आता डोकं बधिर करायला पानं नव्हती. आणि तो टोचला की सगळ्यात आधी आठवण व्हायची ती पानांचीच.

डॉक्टरबाईंना विचारलं, सांगून टाकू का? त्या म्हणाल्या, "स्वतःला हलकं वाटावं म्हणून सांगणार असाल तर नका सांगू. ऐकल्यावर त्यांना जे वाटेल ते सोसायची तयारी असेल, तर सांगा."

रविवारची दुपार

उन्हाळ्यात बाबा महिनाभर आमच्याकडे राहायला आले. एका रविवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या शिंदेकाकू आल्या होत्या. त्यांनी पायाची चौकशी केली. बाबा खुलले.

"अवो, पुण्याचा ट्राफिक काय सांगू बाप्पा! माही पोरगी घंटाभर अटकून होती बिचारी. तिचा जीव कसा झाला असंन!"

काकू गेल्या. मी त्या बिचारी शब्दावर अडकून पडले होते. मिलिंद आत झोपले होते, मैत्री क्लासला गेली होती. मी बाबांच्या खुर्चीसमोर खाली बसले.

"बाबा, त्या दिवशी ट्रॅफिक नव्हतं."

त्यांना समजलं नाही. मी सगळं सांगितलं. स्टेशन, स्कूटर, पानं. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

बाबांनी वॉकरचा दांडा धरला.

"माहा फोन तुले दिसत होता?"

"हो."

"तू कापला?"

"हो, बाबा."

"किती वेळा?"

"दोनदा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोन वर्सं म्या ट्राफिकले शिव्या देल्या," ते म्हणाले. "लोकं हासत असतीन आता मले."

"कुणाला माहीत नाही, बाबा."

"मले माहीत झालं ना."

संध्याकाळी त्यांनी मिलिंदला परतीचं तिकीट काढायला सांगितलं. निघताना त्यांनी मैत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. मी पाया पडले तेव्हा ते थांबले, पण हात उचलला नाही.

नंतर चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मिलिंदशी बोलत, मैत्रीशी बोलत. मी खोलीत असले की मैत्री फोन स्पीकरवर टाकायची. मी त्यांचा आवाज ऐकायचे आणि कांदा चिरत राहायचे. खरं बोललं की सगळं ठीक होतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी खरं बोलले आणि माझे वडील माझ्यापासून गेले. त्या चार महिन्यांत परत खोटं बोलावंसं मात्र वाटलं नाही, एवढंच मी सांगू शकते.

बुधवार पेठ

त्याच काळात जोगळेकर सरांनी मला लॅबची मोटर दुरुस्तीला घेऊन बुधवार पेठेत पाठवलं. कवळी घासायची छोटी मोटर असते, ती तिथला एकजण दुरुस्त करतो. त्याने अर्धा तास थांबायला सांगितलं. शेजारच्या काउंटरवर जुने स्मार्टफोन मांडले होते. दुरुस्तीचे पैसे सरांनी रोख दिले होते आणि ते माझ्या पर्समध्ये होते.

"बघा ना ताई, हातात घेऊन बघा," दुकानदार म्हणाला.

मी घेतला. स्क्रीन उजळली आणि अंगठा जागेवर जाऊन बसला, जसा कधी तिथून हललाच नव्हता. दुखतही नव्हता. डोक्यात अगदी समंजस आवाज होता: बाबा बोलत नाहीतच. आता तुझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही. मग कशासाठी?

मी फोन काउंटरवर ठेवला आणि माझा बटणांचा फोन काढून, दवाखान्यातून निघताना नंबर दिलेल्या नलिनीताईंना लावला.

"कुठे आहात?"

"बुधवारात. फोनच्या दुकानासमोर."

"दुकानाकडे पाठ करा. केलीत? आता रस्ता ओलांडा. गाड्या बघून ओलांडा, तेवढ्यासाठी जीव देऊ नका. समोर काय आहे?"

"वह्या-पुस्तकांचं दुकान."

"तिथे उभ्या राहा. मी निघाले."

वीसेक मिनिटांत त्या छत्री टेकत चालत आल्या, ऊन असूनही छत्री बंदच. मला बघून म्हणाल्या, "चेहरा काय केलाय हा! चला, उसाचा रस घेऊ. बर्फ न घालता. माझा घसा धरतो."

रस पिताना मी त्यांना बाबांचं सांगितलं. मला वाटलं, त्या काहीतरी समजुतीचं बोलतील. त्या म्हणाल्या, "माझा मुलगा तीन वर्षं बोलत नाहीये. तुमचे तीनच महिने झालेत. अजून ज्युनिअर आहात आपण." मग ग्लास ठेवून, मोटर आणायला माझ्याबरोबर त्या दुकानापर्यंत आल्या आणि माझ्या आणि त्या काउंटरच्या मधे उभ्या राहिल्या.

लग्न

आणि एका सकाळी लॅबमध्ये माझा फोन वाजला.

"जयभीम. बाबा बोलतो."

माझ्या हातात मेणाची पट्टी होती, ती तशीच वितळत राहिली.

"पुढच्या रविवारी तुह्या काकाच्या नातीचं लगन हाय. लोकं पायाचं इचारतीन. ट्राफिक तर म्या आता सांगत नाही. खोटं मले बोलता येत नाही, अन् पोरीचं खरं माह्या तोंडून निंघत नाही. तूच ये अन् सांग."

गेले. मिलिंदही आले. मांडवात जेवणं झाल्यावर आत्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "दादा, पाय कसा हाय? पुण्यात पडला होता ना?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. चार-पाच नातेवाईक होते. मी सांगितलं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं नाही.

आत्याने तोंडावर हात ठेवला. "पत्ते? बाईमाणूस असून?"

कुणीतरी मागे हसलं. मी खाली बघत होते. तेव्हा बाबा म्हणाले, "बिमारी हाय ते. दवाखान्यात होती ती. आता विलाज चालू हाय." आणि मग, विषय संपला अशा आवाजात, "पाणी आन गं सुजाता."

मी पाणी आणलं. ते आता माझ्याशी बोलतात. कमी बोलतात. पुण्याला यायचं झालं तर मिलिंदला घ्यायला बोलावतात, मला नाही. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

त्याच दिवशी हात धुवायच्या नळापाशी कविता माझ्याजवळ आली. कविता म्हणजे माझ्या चुलत भावाची, प्रवीणची बायको. दोघं पुण्यातच असतात. प्रवीण आयटीत आहे. तिने नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात विचारलं, "ताई, तो दवाखाना कुठे आहे?"

मी तिच्याकडे बघितलं. आणखी काही विचारावं लागलं नाही.

प्रवीणला तयार करायला तिला पाच आठवडे लागले. गेल्या गुरुवारी दोघं आले. तो आत डॉक्टरबाईंसमोर बसला होता आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर. कविता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"ताई, तुम्ही आता अगदी बऱ्या आहात ना?" तिने विचारलं. "आता नाही ना वाटत खेळावंसं?"

तिला हो ऐकायचं होतं. तिच्या जागी मिलिंद असते तर त्यांनाही तेच ऐकायचं असतं.

"वाटतं," मी म्हटलं. "आत्ता इथे बसल्या बसल्यासुद्धा वाटलं. तुझा फोन मांडीवर दिसला तेव्हा."

तिने दचकून फोन पर्समध्ये टाकला. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "मग... मग तुम्ही काय करता अशा वेळी?"

"हेच," मी म्हटलं. "जवळ जे माणूस असेल त्याला सांगते."

तिने पर्सची चेन लावली. मग पर्स पलीकडच्या बाजूला ठेवली आणि माझ्याकडे सरकून बसली.